पापा जो

विद्यार्थ्यांनो, तुम्ही लग्नाची वरात पाहिली आहे ना? नवरदेवाच्या पुढे बँड वाजत असतो. बँडवाल्यांच्या अंगात लाल कोट असतात. त्यांच्या हातांत पितळेची चकचकीत वाद्ये असतात. सगळ्यांचे लक्ष नवरदेवाकडे असते. मुले नाचतात, फटाके फुटतात. गाल फुगवून वाद्य वाजवणाऱ्या माणसाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. तो हे कोठे शिकला? त्याचा उस्ताद कोण? असे आपण त्याला कधी विचारत नाही.

आज आपण अशाच एका वाजवणाऱ्याची गोष्ट वाचणार आहोत. तो आपल्या देशातला नव्हता. तो होता अमेरिकेतला. त्याचे नाव जो ऑलिव्हर. लोक त्यांना किंग, म्हणजे राजा, म्हणत. त्यांचा लाडका शागिर्द मात्र त्यांना पापा जो म्हणत असे. राजा हे नाव त्यांच्या हयातीतच लोक विसरले. पापा हे नाव अखेरपर्यंत टिकले. असे का झाले, ते आता पाहू.

अमेरिकेच्या दक्षिण भागात लुईझियाना नावाचे राज्य आहे. तेथे मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स हे मोठे बंदर आहे. जो ऑलिव्हर यांचे बालपण याच शहरात गेले. ते कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली होती. तरीही दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या. आगगाडीचे डबेही वेगळे होते. कष्टाची कामे त्यांच्या वाट्याला येत आणि मजुरी थोडी मिळे. जो लहान असतानाच त्यांची आई वारली. मोठ्या बहिणीने त्यांचा सांभाळ केला. या बहिणीला लक्षात ठेवा. गोष्टीच्या शेवटी ती पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये बँडला फार मान होता. सण असो, मिरवणूक असो, बँड हवाच. एवढेच काय, तेथे अंत्ययात्रेतही बँड वाजत असे. दफनभूमीकडे जाताना वादक संथ, दुःखी सुरांत भजने वाजवत. दफन झाले, की परतीच्या वाटेवर तेच वादक आनंदी चाली वाजवू लागत. गेलेला माणूस दुःखातून सुटला, आता जिवंत माणसांनी धीर धरावा, असा त्याचा अर्थ असे. बँडच्या मागे मुलांची आणि रिकाम्या लोकांची रांग नाचत चाले.

अशा मिरवणुकींत जो ऑलिव्हर कॉर्नेट वाजवू लागले. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखेच, पण थोडे आखूड असे पितळी वाद्य. त्याला तीन कळा असतात. नुसत्या कळा दाबून मात्र सूर निघत नाही. वाजवणारा आपले ओठ वाद्याच्या तोंडावर घट्ट टेकवतो आणि जोराने फुंकतो. ओठ थरथरतात आणि त्यातून सूर उमटतो. ओठांना आधार असतो दातांचा. म्हणून कॉर्नेट वाजवणाऱ्याचे ओठ आणि दात हीच त्याची खरी दौलत असते.

सुरुवातीला केवळ वाद्य वाजवून ऑलिव्हर यांचे पोट भरत नव्हते. दिवसा ते एका घरी नोकर म्हणून काम करत. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवत. लहानपणीच्या अपघातामुळे त्यांच्या एका डोळ्याला दिसत नव्हते. पण त्यांच्या छातीत दम होता आणि डोक्यात कल्पना होत्या. ते कॉर्नेटच्या तोंडासमोर कधी पेला धरत, कधी वाटी धरत. मग ते वाद्य माणसासारखे बोलू लागे. कधी ते हसे, तर कधी तान्ह्या बाळासारखे रडे. ऐकणारे थक्क होत. हळूहळू शहरभर त्यांचे नाव झाले. लोक त्यांना किंग ऑलिव्हर म्हणू लागले.

त्या काळी न्यू ऑर्लिन्समध्ये एक नवे संगीत आकाराला येत होते. त्याला पुढे जॅझ हे नाव मिळाले. आपल्याकडे गवई बंदिश घेतो आणि तिच्याभोवती आलाप व ताना जागच्या जागी रचतो. जॅझमध्येही वादक मूळ चाल घेतो आणि तिच्यात आपल्या मनाची भर घालत जातो. हे संगीत कागदावरून शिकता येत नसे. ते ऐकून, जवळ बसून, एकाकडून दुसऱ्याने घ्यावे लागे. म्हणून त्यात उस्तादाला फार महत्त्व होते.

याच शहरात लुई आर्मस्ट्राँग नावाचा एक मुलगा राहत होता. त्याचा जन्म १९०१ सालचा. वडील घर सोडून गेले होते. आई मोलमजुरी करून मुलांना वाढवत होती. १९१२ सालच्या शेवटच्या रात्री लोक नव्या वर्षाचे स्वागत करत होते. लुईने भर रस्त्यात पिस्तुलातून हवेत बार काढला. पोलिसांनी त्याला पकडले आणि मुलांच्या सुधारगृहात पाठवले. तेव्हा तो अवघा अकरा वर्षांचा होता. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकांनी त्याच्या हातात बिगुल आणि नंतर कॉर्नेट दिले. लुईला जणू वाट सापडली.

सुधारगृहातून सुटल्यावर लुई कोळशाची गाडी हाकू लागला. घरोघरी कोळसा पोहोचवायचा, हे त्याचे काम. पण कान मात्र बँडकडे असत. त्याला सर्वांत जास्त आवडे ते जो ऑलिव्हर यांचे कॉर्नेट. मिरवणूक निघाली, की तो त्यांच्या मागे मागे चाले. ऑलिव्हर थकले, की त्यांचे वाद्य उचलून घ्यायचा मान तो मागून घेई. ऑलिव्हर यांनी या पोराला ओळखले. त्यांनी त्याला घरी बोलावले.

मुलांनो, लुईजवळ फी द्यायला पैसे कोठे होते? म्हणून तो ऑलिव्हर यांच्या पत्नीची लहानमोठी कामे करी, बाजारातून सामान आणून देई. त्या बदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवत. सूर कसा धरावा, श्वास कसा सांभाळावा, मूळ चाल कशी सोडू नये, हे सारे ते त्याला समजावून सांगत. शिकवणी संपली, की त्या घरी लुईला पोटभर जेवण मिळे. राजमा आणि भात हे त्याचे आवडते जेवण. वडिलांचे प्रेम त्याला कधी मिळाले नव्हते. ते त्याला या घरात मिळाले. म्हणूनच तो त्यांना पापा जो म्हणू लागला.

एके दिवशी पापा जो यांनी आपले जुने कॉर्नेट लुईला देऊन टाकले. त्या गरीब मुलाला तो मोठाच खजिना वाटला. पुढे त्याला जगभर मान मिळाला, पण या भेटीची आठवण तो आयुष्यभर सांगत राहिला.

१९१८ च्या सुमारास ऑलिव्हर न्यू ऑर्लिन्स सोडून उत्तरेकडे शिकागोला गेले. तेव्हा दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय लोक चांगल्या मजुरीसाठी उत्तरेच्या शहरांत जात होते. ऑलिव्हर न्यू ऑर्लिन्समध्ये किड ओरी यांच्या बँडमध्ये वाजवत असत. त्यांची जागा रिकामी झाली. ती जागा कोणाला मिळाली असेल? लुईला! उस्तादांच्या जागी वाजवताना तो त्यांच्याच चाली त्यांच्याच ढंगाने वाजवण्याचा प्रयत्न करी.

चार वर्षांनी, १९२२ साली, लुईला शिकागोहून तार आली. पापा जो यांनी त्याला आपल्या बँडमध्ये बोलावले होते. आईने वाटेत खाण्यासाठी पावात मासा घालून दिला. तो घेऊन लुई आगगाडीत बसला. शिकागोच्या स्टेशनवर उतरला तेव्हा त्याला घ्यायला कोणी आले नव्हते. तो गोंधळला. पण ऑलिव्हर यांनी आधीच एका हमालाला सांगून ठेवले होते. त्या हमालाने लुईला शोधले आणि गाडीत बसवून दिले.

ऑलिव्हर यांचा बँड लिंकन गार्डन नावाच्या मोठ्या नृत्यगृहात वाजत होता. लुई दाराशी आला. आतून बँडचा आवाज ऐकू येत होता. तो ऐकून त्याचे पाय अडखळले. इतक्या चांगल्या बँडमध्ये आपल्याला वाजवता येईल का, अशी शंका त्याच्या मनात आली. पण आत जाताच पापा जो यांनी त्याला जवळ केले.

आता एकाच बँडमध्ये दोन कॉर्नेट झाली. एक उस्तादांचे, दुसरे शागिर्दाचे. मग एक गंमत होऊ लागली. गाणे चालू असताना मध्येच सारा बँड थांबे. त्या क्षणी फक्त दोन कॉर्नेट वाजत. दोघांचे सूर वेगवेगळे, पण एकमेकांत अगदी चपखल बसणारे. दोघांसमोर कागद नसे. हे त्यांना कसे जमते, याचे ऐकणाऱ्यांना मोठे कोडे पडे. त्याचे उत्तर असे होते. बँड जोरात वाजत असताना ऑलिव्हर थोडेसे लुईकडे झुकत आणि पुढे काय वाजवायचे ते हळूच वाजवून दाखवत. लुई तेवढ्यावरून आपला सूर ठरवी. इतर वादक ते ऐकायला येत आणि डोके खाजवत परत जात.

एप्रिल १९२३ मध्ये हा बँड इंडियाना राज्यातील रिचमंड गावी गेला. तेथे त्यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण झाले. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी विजेवर चालणारे मायक्रोफोन वापरत नसत. सगळे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. लुईने कॉर्नेट ओठांना लावले आणि एक अडचण उभी राहिली. त्याचा आवाज इतका दमदार होता, की पापा जो यांचे कॉर्नेट ऐकूच येईना. शेवटी लुईला खोलीत दूर मागे उभे करण्यात आले. तेव्हा कोठे दोघांचे सूर बरोबरीने ऐकू आले. शागिर्द उस्तादाच्या पुढे गेला होता. ही गोष्ट त्या खोलीतील सर्वांना कळली. ती ऑलिव्हर यांनाही कळली असणार.

येथे आपण थोडे थांबू. मोठी माणसेही माणसेच असतात. त्यांच्या मनातही भीती असते. लुई आपल्याजवळ आहे तोपर्यंत राजा मीच, असे ऑलिव्हर यांना वाटत असे. तसे ते बोलूनही गेले, अशी आठवण बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिन यांनी पुढे सांगितली. पैशांच्या हिशेबावरून बँडमधील काही वादकांशी त्यांचे वादही झाले आणि ते वादक निघून गेले. लिल आणि लुई यांचे १९२४ साली लग्न झाले. उस्तादांच्या सावलीत राहिलास तर तू कायम दुसराच राहशील, असे लिल यांनी लुईला समजावले. त्याच वर्षी लुईने जड मनाने पापा जो यांचा निरोप घेतला. उस्ताद आणि शागिर्द यांच्यात भांडण झाले नाही. पण वाटा वेगळ्या झाल्या.

लुईची वाट वर वर गेली. पापा जो यांची वाट मात्र उताराला लागली. १९२४ च्या अखेरीस लिंकन गार्डनला आग लागली. बँडची हक्काची जागा गेली. १९२७ साली ऑलिव्हर न्यूयॉर्कला गेले. तेथील कॉटन क्लब या प्रसिद्ध ठिकाणी वाजवण्यासाठी त्यांना विचारणा झाली. देऊ केलेले पैसे कमी वाटले, म्हणून त्यांनी नकार दिला. ते काम ड्यूक एलिंग्टन या तरुण वादकाला मिळाले. त्या कामामुळे एलिंग्टन यांचे नाव देशभर झाले. एका नकाराने एकाचे नशीब उघडले आणि दुसऱ्याचे मिटले.

त्याहून मोठे संकट त्यांच्या शरीरातच होते. ऑलिव्हर यांना हिरड्यांचा आजार जडला होता. आपण त्याला पायोरिया म्हणतो. त्यांचे दात हलू लागले. वाद्य ओठांना टेकवले, की असह्य वेदना होत. पुढे पुढे तर दात गेलेच. कॉर्नेट वाजवणाऱ्याची दौलत कोणती, ते तुम्हांला आठवते ना? ती दौलत गेली. १९२९ नंतर अमेरिकेत मंदीची लाट आली. लाखो लोक बेकार झाले. शिकागोतील एक बँक बुडाली आणि तिच्यात ऑलिव्हर यांनी साठवलेले पैसेही बुडाले.

तरीही त्यांनी बँड सोडला नाही. स्वतःला वाजवता येत नव्हते, तर ते नुसते पुढे उभे राहून बँड चालवत. जुन्या बसमधून ते दक्षिणेतील गावोगाव फिरले. बस बंद पडे. कार्यक्रम रद्द होत. पगार मिळेना, म्हणून वादक एकेक करून निघून गेले. शेवटी जॉर्जिया राज्यातील सव्हाना या शहरात ते एकटेच उरले.

तेथे एकेकाळचा राजा फळे आणि भाजी विकू लागला. नंतर एका खेळघरात झाडलोट करण्याचे काम त्याने धरले. पहाटेपासून रात्रीपर्यंत तो राबत असे. रक्तदाब वाढला होता, पण औषधाला पैसे नव्हते. अशा स्थितीतही ऑलिव्हर यांनी कोणापुढे हात पसरला नाही. ते न्यूयॉर्कला राहणाऱ्या आपल्या बहिणीला पत्रे लिहीत. त्या पत्रांत रडगाणे नसे. आपण एका लहान गल्ल्यात नाणी टाकत आहोत, त्यांना हात लावणार नाही, त्यांतून न्यूयॉर्कचे तिकीट काढू, असे त्यांनी एकदा कळवले. तेव्हा त्या गल्ल्यात एक डॉलर साठ सेंट जमले होते.

१९३७ साली लुई आर्मस्ट्राँग आपला बँड घेऊन सव्हानाला आले. आता ते जगप्रसिद्ध झाले होते. रस्त्याने जाताना त्यांना एका हातगाडीमागे एक थकलेला माणूस दिसला. ते पापा जो होते! लुई धावत जाऊन त्यांना भेटले. त्यांनी खिशात होते तेवढे सारे पैसे उस्तादांच्या हाती दिले. लुई यांच्या बँडमधील काही वादकांनी पूर्वी ऑलिव्हर यांच्याकडे काम केले होते. त्यांनीही आपले खिसे रिकामे केले. त्या रात्री कार्यक्रमाला पापा जो आले. त्यांनी स्वच्छ, नीटनेटके कपडे घातले होते. ते बाजूला उभे राहून शागिर्दाचे वादन ऐकत होते. लुई त्यांच्याकडे पाहत वाजवत होते.

एप्रिल १९३८ मध्ये जो ऑलिव्हर सव्हाना येथे वारले. तिकिटाचे पैसे पुरे झाले नव्हते. तरीही ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांच्या बहिणीने घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे खर्च करून त्यांचा देह तेथे आणला. लहानपणी तिनेच त्यांना सांभाळले होते. शेवटच्या प्रवासातही तिनेच त्यांना घरी आणले. वुडलॉन दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली. कबरीवर दगड बसवायला पैसे उरले नाहीत. गर्दी थोडीच होती. पण त्या गर्दीत लुई आर्मस्ट्राँग उभे होते.

विद्यार्थ्यांनो, गोष्ट येथे संपली असे तुम्हांला वाटेल. पण ती येथे संपत नाही. ऑलिव्हर यांनी वेस्ट एंड ब्लूज नावाची एक चाल रचली होती. १९२८ साली लुई यांनी ती आपल्या पद्धतीने वाजवली. सुरुवातीला ते एकटेच वाजवतात. त्यांचा सूर शिडी चढावी तसा भराभर वर चढत जातो. आज जॅझ शिकणारी मुले हे वादन पुन्हा पुन्हा ऐकतात. चाल उस्तादांची, झेप शागिर्दाची! लुई १९७१ साली वारले. तोपर्यंत त्यांना कोणी त्यांच्या कलेविषयी विचारले, की ते पापा जो यांचे नाव घेत. पापा जो नसते तर मी घडलो नसतो, असे ते मोकळेपणाने सांगत.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरील निवडक संगीत आहे. त्यात लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२७ साली केलेले एक वादन आहे. त्यातच आपल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या. त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याजवळ वर्षानुवर्षे तालीम घेतली होती. त्या तबकडीवर अल्लादिया खाँ यांचा आवाज नाही आणि जो ऑलिव्हर यांचे कॉर्नेटही नाही. तेथे फक्त शागिर्द आहेत. पण शागिर्दांच्या सुरांत उस्ताद असतातच. दोन्ही याने आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे खूप दूर गेली आहेत आणि अजून पुढे जात आहेत.

पापा जो यांच्याजवळ शेवटी पैसा उरला नाही, नाव उरले नाही, दातही उरले नाहीत. पण एका गरीब मुलाला त्यांनी जे शिकवले, ते कोणी हिरावून घेऊ शकले नाही. एक गोष्ट मात्र मनाला लागते. लाखो लोकांना नाचवणारा हा माणूस तिकिटासाठी नाणी साठवत होता, तेव्हा त्याची चौकशी किती जणांनी केली?

पुढच्या वेळी तुमच्या गल्लीतून वरात जाईल, तेव्हा क्षणभर थांबा. पितळी वाद्य वाजवणाऱ्या माणसाकडे नीट पाहा. त्याच्या ओठांवर वाद्य टेकून टेकून वळ उठलेला दिसेल. वाजवून झाले, की त्याला पाण्याचा पेला द्या. जमल्यास त्याच्या उस्तादाचे नाव विचारा. बहुधा हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसेल. उत्तर देताना त्याचा चेहरा कसा उजळतो, ते तुम्हीच पाहा.